पाचव्या खुर्चीचे वकीलपत्र

ज्याच्या दर्शनासाठी पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात, त्या अंबरनाथाच्या गाभाऱ्यातील शिवाला प्रथम नमस्कार. वर आकाश मोकळे आणि खाली गारव्यात तो स्वस्थ. मोठे म्हणवणाऱ्याने थोडे खाली यावे, एवढेच तो शतकानुशतके सांगत आला आहे. जिच्या कृपेवाचून अक्षर उमटत नाही त्या वाग्देवीलाही वंदन.

आमच्या बदलापूर गावातील वाचनालयाने यंदाच्या स्मरणिकेसाठी 'मला घडविणारी व्यक्ती' या विषयावर लेख मागितला आहे. मी माझ्या पाठशाळेतील गुरूंविषयी लिहावे, अशी चालकांची अपेक्षा दिसते. त्यांच्याविषयी मी यापूर्वी तीनदा लिहिले आहे आणि तिन्ही वेळा वाचकांनी तो लेख न वाचता आदराने जपून ठेवला आहे. म्हणून या वेळी एका विद्यार्थिनीविषयी लिहितो. तिचे नाव देत नाही. दिले तर ती माझ्या वतीने संपादकांना खुलासा पाठवील.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संस्कृत शिकवीत असे. संस्कृतला विद्यार्थी थोडे, म्हणून जे काम कुणालाच नको ते माझ्याकडे आले. तृतीय वर्षाच्या गटप्रकल्पांना मार्गदर्शन करायचे. पाच जणांच्या गटाने लोकांचा एखादा प्रश्न निवडायचा, तो योग्य त्या कार्यालयापुढे मांडायचा आणि वर्षाअखेर तोंडी परीक्षा द्यायची. या मांडण्याला अभ्यासक्रमात 'ॲडव्होकसी' म्हणत. मी त्याला वकिली म्हटले तेव्हा एका मुलाने मला समजावले, "सर, वकिली वेगळी. ॲडव्होकसीत कोट नसतो."

पहिल्याच दिवशी मी हजेरी घेत असताना एक मुलगा पंधरा मिनिटे उशिरा दारात येऊन उभा राहिला. मी कारण विचारले. त्याने तोंड उघडण्यापूर्वी तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली.

"सर, ह्याच्या बाजूने मी बोलू का?"

"तुझ्या ओळखीचा आहे का हा?"

"नाही सर. ओळखीच्यांची बाजू काय, सगळेच घेतात."

मी संमती दिली. पुढची पाच मिनिटे तिने स्टेशनचा पूल, रिक्षांची रांग आणि त्या मुलाच्या घरातील संभाव्य आजारपण यांची अशी मांडणी केली की पुढच्या बाकावरील दोन मुली सुन्न झाल्या. मग मी त्या मुलाला विचारले, हे खरे आहे का?

"नाय सर. झोपलो होतो."

ती खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "म्हणून अशिलाला बोलू द्यायचं नसतं."

हा तिचा स्वभाव होता. व्रत म्हटले तरी चालेल. तिचे सिद्धांत दोन होते. ज्याने मागितले आहे त्याला वकील लागत नाही, त्याला नुसती रांग लागते. जो मागत नाही त्याचे वकीलपत्र घ्यायचे, हा पहिला. स्वतःची बाजू स्वतः कधीही मांडायची नाही, हा दुसरा. "स्वतःसाठी बोलताना माणूस एक तर रडतो नाहीतर ओरडतो," ती म्हणे. "दोन्हीत मुद्दा राहून जातो, सर."

एकदा उल्हासनगर स्टेशनाबाहेर आम्ही योगायोगाने एकाच शेअर रिक्षात बसलो. आणखी एक गृहस्थ होते. चौथा उतारू येईना आणि चालक निघेना. गृहस्थ चिडले. तिने लगेच चालकाची बाजू घेतली आणि इतक्या कळकळीने मांडली की गृहस्थ वरमून गप्प बसले. गृहस्थ गप्प बसताच त्यांच्या बाजूने बोलणारे कुणी उरले नाही हे तिच्या ध्यानात आले. मग तिने त्यांची बाजू घेतली. चालक वरमला, म्हणाला, "ठीक है, चलो, तीन पे चलता हूँ." पण तो इतक्या लवकर नमला हे तिला अन्यायाचे वाटले आणि ती पुन्हा त्याच्याकडे वळली. शेवटी चालक खाली उतरला. "मॅडम, आप ही चलाओ. मैं पैदल जाता हूँ." त्या दिवशी आम्ही चौघेही कॅम्प दोनच्या वस्तीपर्यंत चालत गेलो. चालक सर्वांत पुढे होता.

तिच्या उत्तरपत्रिका हा स्वतंत्र विषय होता. 'पुढीलपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा' असे असले की सारा वर्ग जे तीन सोपे प्रश्न सोडवी ते ही सोडून देई आणि ज्या दोन प्रश्नांकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे तेच घेई. त्यांची उत्तरे तिला येत नसत. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सर, त्या प्रश्नांची पण कुणीतरी विचारपूस करायला पाहिजे ना."

तिच्या आई एकदा वालाच्या शेंगा घेऊन माझ्या घरी आल्या. घराणे बदलापूर गावातलेच, पूर्वी भातशेती करणारे. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला. माउली ओसरीच्या कडेला बसून म्हणाल्या, "गुरुजी, कॉलेजान ही कशी वागते ते मना ठावं नाय, पन घरान लय ताप देते. भाजीन मीठ जास्त परलं तं ही मिठाची बाजू घेते. तिचे बाबा उपाशी उठतात."

मी म्हणालो, "मुलगी गुणी आहे."

"गुनी हाये तं. पन बाबांनी सांगून ठेवलंय, वकिलीला जायचं तं याच वर्षी पास हो. एकदाच. नाय झाली तं काकाच्या जागा-जमिनीच्या ऑफिसान बसायचं. आनि गुरुजी, ती तिथं बसली ना, तं इकनाऱ्याची बी बाजू घेल आनि घेनाऱ्याची बी. काकाचा धंदा बसंल."

म्हणून ते वर्ष तिच्या दृष्टीने निर्णायक होते. प्रकल्पात उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय विधी महाविद्यालय नाही.

तिच्या गटात कॅम्प दोनचा जीतू होता. त्याच्या वडिलांचा जीन्स शिवण्याचा लहानसा कारखाना होता. अंबरनाथची सुजाता होती; ती सभेचे इतिवृत्त अशा टापटिपीने लिही की ते वाचून सभेत काही घडले असावे असे वाटे. नीलेश होता, त्याला सगळ्यांचे सगळे पटत असे. चौथी ही. आणि पाचवा होता यादीतील एक नाव. तो प्रवेश घेतल्यापासून एकदाही आला नव्हता आणि त्याचा फोन लागत नव्हता. गट पाचाचाच हवा, चारांचा चालणार नाही, हा नियम. बाकीच्या गटांनी अशा अडचणीवर रूढ उपाय केला होता, तो म्हणजे अनुपस्थिताची सही आपणच करून मोकळे व्हायचे.

"सही तर मी डाव्या हाताने पण करीन," नीलेश म्हणाला.

"नाही करायची," ती म्हणाली. "गट म्हणजे आलेले नव्हेत. गट म्हणजे नाव लागलेले. चार माणसं एकमताने चुकतात तेव्हाच पाचवा लागतो."

"अगं, पण तो आहे कुठे?"

"नाही म्हणूनच तर त्याची बाजू मांडायची."

याच सुमारास माझ्या हातून एक प्रमाद घडला. वर्गात प्रतिनिधी या विषयावर बोलताना मी सांगितले की, पूजेस पत्नी उपस्थित नसेल तर यजमान तिच्या जागी कमरेला सुपारी खोचतो. शिवाय सत्र नावाचे एक यज्ञकर्म असते, त्यात सतरा-सतरा जण मिळून यजमान होतात. तो प्राचीन गटप्रकल्पच म्हणा. मध्येच एखादा उणा पडला तर सत्र मोडू नये म्हणून दुसरा आणून संख्या पुरी करतात. मात्र त्या आणलेल्याला श्रम मिळतात, फळ मिळत नाही. मुले डुलक्या घेत होती. एकटी ती लिहून घेत होती.

दुसऱ्या दिवशी जीतूच्या कारखान्यात गटाची सभा होती आणि मार्गदर्शक म्हणून मी गेलो होतो. कापडाच्या गठ्ठ्यांवर चौघे बसले होते. पाचव्यासाठी ठेवलेल्या एकुलत्या खुर्चीवर एक सुपारी होती.

"हे काय?" मी विचारले.

"पाचवा, सर."

"मुली, सुपारी ही खेळण्याची वस्तू नव्हे."

"मी खेळत नाहीये, सर. काल तुम्ही सांगितलंत ते मनापासून सांगितलंत ना?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. जीतू मात्र म्हणाला, "सर, आमच्या कॅम्पमध्ये सुपारी बोललं की लोक दरवाजा लावून घेतात. तुम्ही तर खुर्ची दिली."

शिलाईयंत्रे सुरू झाली की खुर्ची थरथरे आणि सुपारी घरंगळे. तेव्हा एका कारागिराने निळ्या जाड कापडाचा छोटा खिसा शिवून, त्याला पितळी बटण लावून सुपारीला त्यात बसविले. जीतूचे वडील दर सभेला पाच चहा पाठवीत. ते श्रद्धावान सिंधी गृहस्थ. एकदा स्वतः येऊन खुर्चीकडे पाहून म्हणाले, "साईं, इसकी चाय तो ठंडी हो गई. दूसरी मँगाऊँ?"

"नको अंकल," ती गंभीरपणे म्हणाली, "तो कमी पितो."

प्रकल्पाचा विषय तिने निवडला होता. अंबरनाथच्या मंदिराबाहेर भाविकांच्या चपला राखणाऱ्या एक बाई दिवसभर उन्हात बसत. त्यांना पालिकेने छप्पर करून द्यावे. बाईंनी काही मागितले नव्हते, म्हणजे पहिल्या सिद्धांतात त्या चपखल बसत होत्या. निवेदन तयार झाले. मतदान घ्यायचे ठरले. ती आपल्या गठ्ठ्यावरून उठली, सुपारी हातात घेऊन पाचव्या खुर्चीत बसली आणि निराळ्याच सावकाश आवाजात म्हणाली, "माझी हरकत आहे. बाईंना कुणी विचारलं का?"

मग उठून आपल्या जागी आली आणि उत्तर दिले, "विचारायचं नसतं. तेच तर तत्त्व आहे."

पुन्हा खुर्चीत जाऊन, "तत्त्व तुझं. ऊन बाईंचं."

हा वाद वीस मिनिटे चालला. मी पुष्कळ वादसभा पाहिल्या आहेत. दोन्ही पक्ष एकाच व्यक्तीने मांडणे हे आमच्या परंपरेतही आहे. परंतु त्यात ती व्यक्ती स्वतः हरते आणि हरल्यावर रुसते, असे मी प्रथमच पाहिले. "पाचवा बरोबर बोलतोय यार," जीतू म्हणाला. नीलेशला दोन्हीही पटले होते. सुजाताने लिहिले, 'सदस्य क्रमांक पाच यांच्या सूचनेनुसार छपराचा ठराव स्थगित.'

मुले बाईंना विचारायला गेली. बाई म्हणाल्या, "छप्पर नको रे बाबांनो. छप्पर झालं की खाली फुलवाला बसेल, मग प्रसादवाला, मग मलाच उठवतील. लोकांचे पाय पोळतात, उड्या मारत येतात आणि माझ्याच अंगावर पडतात. फरशीवर काथ्याची पट्टी टाका, बास." निवेदन बदलले. पालिकेने ते विचारार्थ ठेवले. जीतूच्या वडिलांनी वाट न पाहता जीन्सच्या चिंध्यांची लांबलचक पट्टी शिवून पाठवून दिली. त्यानंतर गटात सुपारीचा शब्द अंतिम मानला जाऊ लागला.

परीक्षेला दहा दिवस उरले. महाविद्यालयाच्या कार्यालयाने पाचही सह्या मागितल्या. सहीच्या बाबतीत सुपारीचा उपयोग नव्हता. मग ती आणि मी यादीतल्या पत्त्यावर गेलो, तेथून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याच्या फाटकाशी. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला. शिडशिडीत, हातावर ग्रीसचे डाग, हातात डबा. ती त्याच्याकडे अशी पाहत राहिली जशी एखादी लेखिका आपल्या पात्राकडे पाहील. तिच्या कल्पनेत तो सावकाश बोलणारा होता.

"कोण तुम्ही?" तो भरभर म्हणाला. "कॉलेज? अरे यार, मी तर पहिल्याच महिन्यात नाव काढायचा अर्ज दिला होता. तीनदा गेलो ऑफिसला. कॉलेज सोडल्याचा दाखलाच देत नाहीत. पुढच्या आठवड्यात इथे शिकाऊची भरती आहे, दाखला नसेल तर घेणार नाहीत. आठ महिने हेल्परगिरी केली मी त्यासाठी."

मी तिच्याकडे पाहिले. त्याचे नाव राहिले तर त्याची नोकरी जाणार होती. नाव निघाले तर गट चारांचा होऊन तिचे वर्ष जाणार होते. मग तिने जे आजवर कुणाही अशिलाला विचारले नव्हते ते विचारले.

"तुझी बाजू मी मांडू का?"

"बाजू मला मांडता येते," तो म्हणाला. "तिथे कुणी ऐकत नाही, एवढंच. सोबत चल पाहिजे तर."

पण त्याआधी तिने त्याला गटाच्या सभेला आणले. जे होईल ते सर्वांसमक्ष व्हावे, असे तिचे म्हणणे. कारखान्यात खुर्ची एकच होती आणि तीत सुपारी होती, म्हणून तो उभा राहिला. त्याने आपली अडचण सांगितली. जीतूने ती शांतपणे ऐकली.

"भाई, वाईट नको वाटून घेऊ. पण पाचवा असं कधी बोलला नव्हता."

"पाचवा मीच आहे ना."

"तू आत्ता आलास. हा पहिल्यापासून आहे," जीतू खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला. "एक मीटिंग चुकवली नाही त्याने."

"मला तर सुपारीच पटते," नीलेश म्हणाला. त्याने आयुष्यात प्रथमच एक बाजू घेतली होती.

सुजाताने वही पुढे ओढली. "मागच्या इतिवृत्तात सदस्य पाच शेवटपर्यंत गटात राहीन म्हणालेत. त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत."

"अरे, ते मी नाही बोललो. ती सुपारी बोलली."

"म्हणजे बोलली हे तू मानतोस," जीतू म्हणाला.

तो बिचारा कपाळाला हात लावून माझ्याकडे वळला. मग सर्वांनीच शास्त्राचा निर्णय मागितला. मी सांगितले की पत्नी माहेराहून परतली की कमरेची सुपारी काढून ठेवायची असते; दोघींना घेऊन पूजेला बसलेला यजमान मी अद्याप पाहिलेला नाही. ज्याचा प्रतिनिधी, तो समोर आल्यावर प्रतिनिधीचा अधिकार संपतो. जीतूने सुपारीचा खिसा उचलला, बटण लावले आणि विषण्णपणे वडिलांच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. तिथे तिला रोज अगरबत्ती मिळू लागली.

"आता बस," ती त्या मुलाला म्हणाली. तो बसला. तिने चहा त्याच्यापुढे सरकवला आणि गटाला सांगितले, "मी ह्याच्याबरोबर ऑफिसला जाणार आहे."

"तुझं लॉ कॉलेज?" सुजाताने विचारले.

"ती माझी बाजू झाली. ती मी मांडत नाही."

जीतू त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनासा झाला.

कार्यालयात तो पुढे, ही मागे. त्याने आपले म्हणणे मांडले. लिपिकाने अर्ज मिळालाच नाही म्हणून सांगितले. मग तिने तोंड उघडले, पण मुलाच्या बाजूने नव्हे. इतक्या कमी कपाटांत इतके अर्ज ठेवणे कसे अशक्य आहे, पंखा नेमका कागदांवरच कसा सोडला आहे, आणि या माणसाची कदर कुणालाच कशी नाही, हे तिने लिपिकाला पटवून दिले. लिपिकाने खुर्ची मागे सारली. त्याने तिन्ही कपाटे उपसली आणि आठ महिन्यांपूर्वीचा अर्ज शोधून काढला. त्याच दुपारी नाव निघाले आणि दाखला मिळाला. तो मुलगा धावत गेला. आभार मानायचे राहून गेले. "बरोबर आहे," ती म्हणाली, "त्याला वेळ नव्हता."

परीक्षेच्या दिवशी चार विद्यार्थी आणि पाच खुर्च्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई करड्या होत्या. त्यांनी कागद पाहिले आणि फाईल मिटली. "चार जणांची परीक्षा मला घेता येत नाही."

तिघांनी आशेने तिच्याकडे पाहिले. जी मुलगी मिठाची बाजू घेत होती ती आता गप्प होती. बोलायचे तर स्वतःसाठी बोलावे लागले असते. मांडीवर हात ठेवून ती समोर पाहत राहिली, आणि मला तिच्या आईने आणलेल्या त्या वालाच्या शेंगा खाल्ल्याची लाज वाटू लागली. मी सत्तर वर्षांत पुष्कळ बोललो होतो, पण कुणासाठी बोललो होतो हे आठवेना. मी उठलो. घडले ते सारे सांगितले, सुपारीसह. नंतर सत्राचा दृष्टान्त दिला. एक उणा पडला म्हणून सोळांचे पुण्य बुडत नाही. दुसरा आणून संख्या पुरी करतात.

बाईंनी चष्मा काढला. "मग आणा."

"कुणाला?"

"ते मी कसं सांगू? खुर्ची रिकामी आहे."

मी जाऊन पाचव्या खुर्चीत बसलो.

बाईंनी हे नियमात कसे बसविले ते मला ठाऊक नाही. वर विद्यापीठाला काय लिहायचे ते मी पाहीन, असे त्या म्हणाल्या. "मात्र गटात ज्याला सर्वांत कमी गुण, तेवढेच सगळ्यांना. चारच्या खाली नापास." चौघांची उत्तरे चांगली झाली. मग त्या माझ्याकडे वळल्या. निवेदनाची तारीख मला आली नाही. पट्टीची लांबी मी अंदाजाने सांगितली. शेवटी त्यांनी विचारले, "चपला राखणाऱ्या बाईंचं नाव काय?"

मी तीस वर्षे दर सोमवारी त्या बाईंपाशी वहाणा काढून दर्शनाला जात आलो आहे. मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. ती माझ्या शेजारी खुर्चीतून अर्धी उठली होती. परीक्षक बाईंनी बोट वर करून तिला बसविले. मला दहापैकी चार गुण मिळाले. गट काठावर तरला.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यावर रागावली. "सर, माझी बाजू घेण्याआधी तुम्ही मला विचारलं नाहीत."

"विचारले असते तर तू नको म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून विचारले नाही. तुझाच सिद्धांत."

ती गेली, आणि येथे कथा संपायला हवी होती. परंतु निकालाच्या दिवशी तिघांचे निकाल आले आणि तिचा राखून ठेवलेला आला. चौकशी केली तेव्हा कळले की तिने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला आहे. स्वतःच्या गुणांसाठी नव्हे, माझ्या. 'सदस्य क्रमांक पाच, वय सत्तर, यांच्यावर अन्याय झाला असून त्यांना किमान पाच गुण मिळावेत.' त्याला चार पानांची पुरवणी जोडलेली होती. निर्णय होईपर्यंत अर्जदाराचा निकाल थांबणार होता, आणि विधी महाविद्यालयाचे प्रवेश त्या शुक्रवारी बंद होणार होते.

मी तिला बोलावून घेतले. अर्ज मागे घे म्हणालो.

"नाही घेता येत, सर. अन्याय तुमच्यावर झालाय. बाईंचं नाव हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता."

"मुली, तो एकच प्रश्न अभ्यासक्रमातला होता."

तिने बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाली, "तुम्हाला खरंच चार योग्य वाटतात?"

"थोडे अधिकच वाटतात."

"मग तसं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. अशिलाने स्वतः सांगितल्याशिवाय मी वकीलपत्र सोडत नाही."

गुरुवारी आम्ही त्याच लिपिकापुढे उभे राहिलो. मी लिहून नेले होते, 'मजला तोंडी परीक्षेत प्राप्त झालेले चार गुण माझ्या योग्यतेस अनुरूप असून माझी त्याविषयी कोणतीही तक्रार नाही.' खाली माझ्या सर्व पदव्यांसह सही. लिपिकाने ते दोनदा वाचले.

"सर, गुण कमी पडले म्हणून अर्ज येतात. बरोबर पडले म्हणून आलेला हा पहिलाच. लावू कुठे? अशी फाईलच नाही."

"मी बोलू का, सर?" ती हळूच म्हणाली.

"नको," मी म्हणालो. "हे मला सांगता येईल."

आणि मी त्या खिडकीशी वाकून, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की मी ती परीक्षा दिली होती, मला उत्तर आले नव्हते, आणि चार गुण मला मान्य आहेत. लिपिकाने एक नवी फाईल घेतली, तिच्यावर माझे नाव घातले आणि शिक्का मारला. सायंकाळी पाचपूर्वी तिचा निकाल सुटला. शुक्रवारी तिचा प्रवेश झाला.

वाचकहो, तो गाभाऱ्यातील स्वस्थ देव तुमचे आणि तुमच्या घरच्यांचे कल्याण करो. तुमच्या घरी जो बोलत नाही त्याला विचारणारे कुणी असो, जो बोलतो त्याला ऐकणारे कुणी असो, आणि जो अद्याप पोहोचला नाही त्याचा चहा पुन्हा गरम करून देणारे हात तुमच्या स्वयंपाकघरात सदैव नांदोत. शुभं भवतु.